डिजिटल वेलबीइंग: नवरा-बायकोने मिळून लावलं तरच कामाचं

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून एक प्रकार असतो, फोनवर आपला किती वेळ जातो ते दाखवणारा आणि त्याला आवर घालायला मदत करणारा, गुगलने २०१८ मध्ये आणला, फुकट आहे. बहुतेकांच्या फोनमध्ये तो आधीपासून असतो आणि कोणी उघडूनही बघत नाही. आम्ही दोघं बरेच महिने वापरतोय म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे रोजचा वाद ठरलेला. नवरा हिंजवडीहून दमून यायचा, जेवताना फोन ताटाशेजारी, "अरे, जरा बोल की" म्हटलं की "तू पण दिवसभर व्हॉट्सॲपवरच असतेस ना" आणि मग दोघंही गप्प. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाने आपल्याकडे रील्स सुरू केलं, तेव्हा लॉकडाऊन, सगळे घरात कोंडलेले, रील्सची सवय त्याला तिथूनच लागली आणि ऑफिस सुरू झालं तरी सुटली नाही. पेपर कसा शेवटच्या पानावर संपतो, रील्सचं तसं नाही, एक सरकवली की दुसरी हजर, त्यामुळे "ही बघून झाली की येतो"ला काही अर्थच राहत नाही.

तर या डिजिटल वेलबीइंगचा डॅशबोर्ड उघडला की कुठल्या ॲपवर किती वेळ गेला, फोन किती वेळा अनलॉक केला, कुठून किती नोटिफिकेशन आली हे सगळं दिसतं. एका रविवारी चहा घेताना आम्ही दोघांनी फोन शेजारी शेजारी ठेवून बघितलं. त्याचा वेळ रील्समध्ये, माझा शाळेच्या आणि सोसायटीच्या ग्रुपमध्ये. आकडा समोर आल्यावर "तू सारखा" आणि "तू कायम" हे शब्दच गळून पडले, वाद घालायला उरलं काय? फक्त एक सांगते, एकूण स्क्रीन टाइम बघून लगेच घाबरू नका, त्यात मॅप्सही धरलं जातं, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मॅप्स चालू ठेवून बसलेल्या माणसाचा आकडा उगाच फुगतो. ॲपवार बघा.

टाइमरबद्दल माझं मत मध्यम. ॲपला रोजची मर्यादा घालायची, वेळ संपली की आयकॉन करडा पडतो आणि ॲप उघडत नाही, मध्यरात्री परत नवा दिवस सुरू. पण स्वतःच लावलेला टाइमर दोन टॅपमध्ये काढूनही टाकता येतो. आयफोनवर याच्यासारखंच 'स्क्रीन टाइम' नावाचं सेटिंग आहे (तेही २०१८ चंच), त्याला पासकोड घालता येतो, माझ्या मैत्रिणीने तो नवऱ्याला घालायला सांगितला आणि तिने त्याच्या फोनचा घातला. अँड्रॉइडवर मोठ्या माणसांसाठी अशी सोय हवीच हवी.

खरं सोनं आहे ते बेडटाइम मोडमध्ये. ठरलेल्या वेळेला फोन गप्प होतो आणि स्क्रीन कृष्णधवल होते, बास, एवढंच. पण करड्या रंगातलं पनीर, करड्या रंगातला गोव्याचा समुद्र किती वेळ बघणार हो माणूस? नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात कंटाळून फोन उशीखाली सारला आणि अंधारात सहज बोलायला लागला, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन जवळ आलंय, त्याला झोप लागत नाहीये, या वयात भूल झेपेल का. इतके दिवस शेजारी झोपत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री आम्ही किती तरी वेळ जागे होतो. ह्या एका सेटिंगसाठी मी कोणालाही हे वापरायला सांगेन.

एक गोष्ट मात्र यात मोजली जात नाही. माझी बहीण नाशिकला असते, ती दिवसभर मला रील्स पाठवते, मी हसण्याचा इमोजी टाकते, दोघींनाही वाटतं आपण रोज बोलतो, आणि तिच्या मुलाला ॲडमिट केल्याचं मला कळलं ते तिच्या स्टेटसवरून. डॅशबोर्डला ती पाठवापाठवी आणि तिच्याशी केलेला व्हिडिओ कॉल दोन्ही सारखेच, व्हॉट्सॲपची मिनिटं. आता मी रीलला उत्तर म्हणून सरळ फोनच लावते, भाजी निवडता निवडता.

आणि कृपा करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर टाइमर लावायला जाऊ नका. आमच्या आई दुपारी यूट्यूबवर कीर्तन ऐकतात, नातवाचे अमेरिकेहून आलेले फोटो झूम करून करून बघतात, गुडघ्यांमुळे त्यांचं सारसबागेत जाणं बंद झालंय, त्यांच्यासाठी तेच बाहेरचं जग आहे. त्यांचा स्क्रीन टाइम कमी करायचा असेल तर शेजारी जाऊन बसा.

दुसरा धोका जास्त गंभीर. ओळखीतल्या एका घरात नवरा रोज रात्री बायकोकडे डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट मागतो, "दुपारी चाळीस मिनिटं कोणाशी बोलत होतीस?" ही पाळत झाली. आधीच लास्ट सीन आणि निळ्या टिका बघून लोक एकमेकांची उलटतपासणी घेतात, त्यात हे आणखी एक हत्यार द्यायला नको. आपला आकडा आपण होऊन दाखवायचा, दुसऱ्याचा मागायचा नाही, आमच्यात हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

पाचपैकी साडेतीन देईन, अर्धा कापला तो टाइमर सहज निघतो म्हणून, एक कापला तो बेडटाइम मोड इतका आत दडवलाय म्हणून. नव्याने सुरू करणार असाल तर आधी तोच शोधून लावा, दोघांच्या फोनवर एकच वेळ टाका, आमची साडेदहाची आहे. टाइमरचं नंतर बघता येईल.