डिप्रेशनची गोळी बदलताना: एकदम, हळूहळू की मध्ये खंड ठेवून?

भावाची गोळी बदलायचं ठरलं, तेव्हा नाशिकहून निफाडला परतताना एसटीत आम्ही एकाच गोष्टीवर बोलत होतो: जुनी कधी बंद करायची आणि नवी कधी सुरू करायची? तुम्हीही याच पेचात असाल, तर रस्ते मुख्यतः तीन. निवड मानसोपचारतज्ज्ञांची, पण तिन्ही समजून घेतलेत तर प्रश्न नेमके विचारता येतील.

आज जुनी शेवटची, उद्या नवी, हा सगळ्यात सोपा. सर्ट्रालिनवरून एस्सिटालोप्रामवर, म्हणजे एकाच गटात जायचं असेल, तर बहुतेकदा तो चालतो. नवी गोळी जुनीची उणीव बरीचशी भरून काढते.

व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन सोडायची असेल, तर मला जुनीची पावर उतरवत नवीची चढवणं जास्त बरं वाटतं. ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. अचानक तोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात आणि माणसाला वाटतं, आजारच उलटला. मात्र इथे काही दिवस दोन्ही औषधं पोटात असतात, आणि सगळ्याच जोड्या जमत नाहीत: पॅरॉक्सेटिनमुळे रक्तातलं अमिट्रिप्टिलिन (डिप्रेशनचंच एक जुनं औषध) वाढतं. या गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात; ते फार वाढलं तर बेचैनी, घाम, थरथर, जुलाब, ताप, स्नायू आखडणं अशी लक्षणं दिसतात. तसं दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. बागेत फवारणी केली असेल तर तेही सांगा. कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम आणि थरथर असते. कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी चालू असेल तर तेही लपवू नका, तीही सेरोटोनिन वाढवते.

एमएओआय या डिप्रेशनच्या जुन्या गटातलं औषध घ्यायचं असेल, तर मात्र खंड ठेवावाच लागतो: बहुतेक गोळ्यांनंतर 14 दिवस, फ्लुऑक्सेटिननंतर 5 आठवडे, कारण ती फार काळ अंगात रेंगाळते. या मधल्या दिवसांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. माणसाला एकटं ठेवू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही चोवीस तास चालू असतो.

आमच्याकडे द्राक्षाची ऑक्टोबरची गोडी छाटणी तोंडावर होती, दिवसभर घरी कोणीच नसे. डॉक्टरांना विचारून आठवडाभर जुनीच गोळी चालू ठेवली. मग त्यांनी चिठ्ठीवर तारखेनिशी डोस लिहून दिले आणि वहिनी रोज कॅलेंडरवर खूण करत गेली.