ऑफिसला सायकलनं जायचंय: साधी, गिअरची की बॅटरीची?

पुण्यात पाच-सात किलोमीटरवर ऑफिस असलेली माणसं सायकलीचा विचार करतात आणि दुकानात जाऊन गोंधळतात. विक्रेता आधी बजेट विचारतो. खरं तर आधी विचारायला हवं की घर कुठं, ऑफिस कुठं आणि चढ सकाळी लागतो की संध्याकाळी.

साधी काळी सायकल सात-आठ हजारांच्या आसपास मिळते. जड असते, वीसेक किलो. पण मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, चेनकव्हर सगळं अंगचंच. गिअरची हायब्रिड, म्हणजे रस्त्यावरच्या आणि डोंगरी सायकलीचा मेळ घातलेली सायकल, साधारण पंधरा हजारांपासून पुढे. वजन तेरा-पंधरा किलो, पळायला सुरेख. मात्र बहुतेक मॉडेलांवर मडगार्ड नसतं, कॅरिअर तर नसतंच. जुलैत ती कर्वे रस्त्यावरून नेऊन बघा: मागच्या चाकानं उडवलेल्या चिखलाची रेघ कमरेपासून मानेपर्यंत शर्टावर उमटते. वर चेन उघडी, म्हणून उजव्या पायाची पँट दुमडा. डबा पाठीवर, म्हणजे पाठ घामानं ओली. हे सगळं निस्तरायला ऑफिसात कपडे बदलावे लागतात आणि जे काम कपडे बदलून करावं लागतं ते रोज होत नाही. हायब्रिड घ्यायचीच असेल तर मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँडचे पैसे किमतीत धरूनच तुलना करा.

दुरुस्तीत साधी सायकल सरळसरळ जिंकते. पंक्चर कुठल्याही टपरीवर निघतं. तो माणूस ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, बुडबुडे आले तिथं खूण करतो, घासून सोल्युशन लावतो, ठिगळ चिकटवतो आणि जाता जाता वालट्यूबही बदलून देतो. हायब्रिडच्या काही चाकांना बारीक प्रेस्टा व्हॉल्व असतो, त्यावर टपरीवरच्या पंपाचं तोंड बसतच नाही. घेताना व्हॉल्व बघा. मोटारसायकलीसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. आणि पुढचं चाक नटानं आवळलेलं आहे की नुसत्या खटक्यावर आहे, तेही बघा. खटक्याचं चाक काढून न्यायला पानासुद्धा लागत नाही.

आता चढ. सदाशिव पेठ, डेक्कन, शिवाजीनगर या पट्ट्यात गिअरवाचून काही अडत नाही. कोथरूडहून डेक्कनला येणाऱ्याला सकाळी उतार लागतो आणि चढ परतताना. संध्याकाळी घाम आला तर आला, घरीच जायचंय. अशांनी साधी घ्यावी. सेनापती बापट रस्त्यावरून जाणाऱ्यांना गिअर हवेतच. पण ऑफिस चांदणी चौकाच्या वर, बावधनच्या बाजूला असेल आणि पोचल्या पोचल्या मीटिंगला बसायचं असेल, तर बॅटरीची सायकल घ्या, उगाच हट्ट नको.

बॅटरीच्या सायकलीला काही जण नाकं मुरडतात, ‘मग व्यायाम कसला?’ ऑफिसला वेळेवर आणि कोरडं पोचणं हे काम आहे, व्यायाम फुकटचा. मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या खाली असलेल्या हलक्या सायकलीला लायसन्स लागत नाही, नोंदणीही नाही. 36 व्होल्ट, साडेसात-आठ अँपिअर-अवरची बॅटरी भरायला एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज पुरते. खरा खर्च पुढे आहे: काही वर्षांनी बॅटरी थकते आणि नवी चांगलीच महाग पडते. बॅटरी काढून घरात चार्ज करता येते ना, एवढं मात्र दुकानातच खात्री करून घ्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ही सायकल उचलून नेणं अवघड आहे.

भाड्याच्या सायकलींवर रोजचं गणित मांडू नका. 2017-18च्या सुमारास पुण्यात पेडल, ऑफोच्या रंगीत सायकली चौकाचौकांत उभ्या होत्या. ऑफोनं 2018मध्येच देशातून गाशा गुंडाळला. हवी तेव्हा, हवी तिथं असते ती स्वतःचीच सायकल.

सायकल ट्रॅक बघून सायकल निवडू नका. सातारा रस्त्याच्या बाजूनं बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेबरोबर, ट्रॅक आले खरे, पण कुठं दुचाकी लावलेल्या, कुठं हातगाडी, मग शेवटी गाड्यांमध्येच उतरावं लागतं. म्हणून ब्रेक चांगले हवेत आणि मागचा लाल दिवाही हवा. यात काटकसर नको. साध्या सायकलीचे दांडीब्रेक पावसात फार भरवशाचे नाहीत, एवढा तिचा दोष मान्य.

तरीही ठरत नसेल तर नवी घेऊच नका. लॉकडाउनमध्ये हौसेनं घेतलेल्या हायब्रिड कित्येक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हवा गेलेल्या टायरांवर उभ्या आहेत. वॉचमनला विचारा, मालक कोण ते तो सांगेल. पाच-सहा हजारांत सुटली तर टायर-ट्यूब, ब्रेकच्या वायरी आणि चेन बदलून घ्या आणि मडगार्ड त्याच दिवशी बसवा.