कोपनहेगन ते स्टॉकहोम: चौघांनी जायचं तर कशानं?

स्कँडिनेव्हियाच्या सहलीत ही दोन शहरं बहुतेकांच्या यादीत असतात, आणि ग्रुपमध्ये वाद होतो तो मधल्या प्रवासाच्या दिवसावरून. विमान सव्वा तासाचं, रेल्वेला पाच ते साडेपाच तास, रस्ता साडेसहाशे किलोमीटरचा. आकडे बघून बरेच जण विमानाचं तिकीट काढून मोकळे होतात. मी रेल्वेच्या बाजूचा आहे, आणि तीन-चार मित्र बरोबर असतील तर ठामपणे.

आधी विमानाचा हिशेब नीट मांडू. कोपनहेगनचा कास्ट्रुप विमानतळ शहराला लागूनच आहे, मेट्रोनं पाव तासात पोचता. अडचण आहे ती स्टॉकहोमच्या बाजूला. आर्लांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटर उत्तरेला. तिथून आर्लांडा एक्स्प्रेस वीसेक मिनिटांत मध्यवर्ती स्टेशनात आणते, पण तिचं तिकीट चांगलंच महाग. बस स्वस्त, तिला पाऊण तास लागतो. उड्डाणाआधीचा दीड तास आणि उतरल्यावर बॅगांसाठी थांबणं धरलं तर हॉटेल ते हॉटेल चार-साडेचार तास कुठे गेले ते कळत नाही. म्हणजे वाचला तो जेमतेम एक तास. शिवाय स्वस्त तिकिटात मोठी बॅग बहुधा धरलेली नसते. चौघांच्या बॅगांचे पैसे मिळवून मगच रेल्वेच्या भाड्याशी तुलना करा.

रेल्वेचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे टेबलाभोवतीच्या चार समोरासमोरच्या सीटा. स्वीडनच्या सरकारी रेल्वे कंपनीच्या, म्हणजे एसजेच्या, वेगवान गाड्या ताशी २०० किलोमीटरपर्यंत धावतात. आरक्षण करताना सीटा निवडता येतात, त्या लवकर निवडा. मात्र एक काळजी घ्या: या गाड्यांत शांततेचा वेगळा विभाग असतो, तिथे फोन आणि गप्पा चालत नाहीत. मित्रांच्या टोळक्यानं चुकूनही तिथल्या जागा घेऊ नयेत. इतरांनाही त्रास आणि तुम्हालाही पाच तास तोंड मिटून बसावं लागेल.

वाटेत बघण्यासारखं खरं तर दोन्ही टोकांना आहे. कास्ट्रुप सोडलं की गाडी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, पेबरहोम या मुद्दाम बांधलेल्या बेटावर बाहेर येते आणि तिथून जवळपास आठ किलोमीटरच्या पुलावर चढते. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीवरचा हा दुवा २००० सालच्या जुलैत सुरू झाला. रेल्वे खालच्या मजल्यावरून आणि मोटारी वरच्या, त्यामुळे खिडकीतून समुद्र पोलादी तुळयांमधून दिसतो. उजवीकडे पाण्यात उभ्या पवनचक्क्यांची रांग लागते. मग माल्मो, लुंड, आणि पुढे बराच वेळ स्मोलांडची जंगलं आणि तळी. इथे एकसारखेपणा येतो हे मान्य करतो. पत्ते काढायची, डबे उघडायची वेळ हीच. शेवटी स्टॉकहोममध्ये शिरताना गाडी बोगद्यातून बाहेर येऊन थेट पाण्यावरच्या पुलावर येते, तेव्हा डाव्या खिडकीशी बसा: रिडरहोमेन बेट, आणि त्यामागे नोबेल मेजवानी होते तो सिटी हॉल.

खाण्याचं सांगतो, कारण आपल्याकडे ते ठरलेलंच असतं. विमानाच्या केबिन बॅगेत ओली चटणी, लोणचं द्रवपदार्थांच्या नियमात अडकतं. रेल्वेत दशम्या, ठेचा, लोणचं काहीही न्या. भारतातून निघताना मात्र पेढे, बर्फी, तूप भरू नका, कारण बाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

रेल्वेतही कटकटी आहेत. तिकिटाचे दर विमानासारखेच वरखाली होतात, ऐनवेळी घेतलं तर जड जातं. सगळ्या गाड्या थेट नसतात, काहींना माल्मोत बदलावं लागतं. माल्मोहून स्नेलटोगेट या खासगी कंपनीच्या गाड्या बरेचदा स्वस्त पडतात. पण दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि पहिली गाडी उशिरा पोचली तर दुसरी तुमच्यासाठी थांबणार नाही, म्हणून मध्ये किमान तासभर ठेवा. पुलापलीकडे स्वीडिश पोलीस पासपोर्ट बघायला येऊ शकतात. तो बॅगेच्या तळाशी नको, खिशात हवा.

बस नऊ-दहा तास घेते. पैसे अगदीच कमी असतील तरच.

मोटारीचा मोह चौघांना होतोच. पेट्रोल वाटून घेतलं की स्वस्त वाटतं, पण पुलाचा एकेरी टोलच ४०० डॅनिश क्रोनरच्या वर आहे आणि एका देशात घेतलेली भाड्याची गाडी दुसऱ्या देशात सोडायचे पैसे फार लावतात. एका दिवसात सात तास चालवणारा मित्र गप्पांतून बादच होतो. मोटार घ्यायचीच असेल तर दोन दिवस काढा आणि वेट्टर्न सरोवराकाठी ग्रेन्नाला मुक्काम करा. पोल्काग्रीस ही लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पेपरमिंटची गोळी १८५९ पासून तिथे बनते, आणि डोळ्यांसमोर ती वळताना बघायला मिळते. असा बेत असेल तर मी रेल्वेचा आग्रह सोडतो.

विमान कधी घ्यावं? आर्लांडाहूनच तुमचं पुढचं उड्डाण असेल तर. उलट भारतातून सकाळी कास्ट्रुपला उतरून त्याच दिवशी स्टॉकहोम गाठायचं असेल, तर विमानतळाखालच्याच स्टेशनातून रेल्वे पकडता येते, कोपनहेगन शहरात जायची गरजच नाही.

वेळ निवडताना महिना बघा. जूनमध्ये स्टॉकहोमला रात्री दहापर्यंत उजेड असतो, दुपारची गाडीही चालेल. डिसेंबरमध्ये तीनच्या आधी सूर्य मावळतो, तेव्हा सकाळची पहिली थेट गाडीच घ्या.