जॉर्जटाउन युनिव्हर्सिटी, वॉशिंग्टन डीसी : चार स्टार, पाचवा का कापला ते वाचा

मुलांसाठी कॉलेजं बघत फिरणारे आपले आईबाप इथे येतात, हीली हॉलसमोर फोटो काढतात आणि निघतात. बिल्डिंग आहेच तशी भारी, पण खरा माल पुढे आहे. 1789 पासूनचं, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं कॅथलिक विद्यापीठ, जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादर लोकांचं, म्हणजे आपल्या मुंबईच्या झेवियर्सवाल्यांचेच भाऊबंद. त्यामुळे "चर्चचं कॉलेज, पोरगी नन होऊन यायची" म्हणणाऱ्या आत्याबाईंना सांगा की इथे 2016 मध्ये हिंदू चॅप्लेन (पोरांसाठीचा धर्मगुरू) सुद्धा नेमलाय.

थिऑलॉजीचे (धर्म-देवाच्या अभ्यासाचे) दोन कोर्स मात्र अंडरग्रॅडच्या सगळ्यांना कंपल्सरी. त्यातल्या एकाचं नावच 'प्रॉब्लेम ऑफ गॉड'. प्रवचन नाही हां, देव मानायचा तर कशाच्या जोरावर इथपासून सुरुवात, नास्तिक पोरंही भांडू शकतात. फी वर्षाला 60,000 डॉलरच्या वर आहे, त्यात हे तरी पैसावसूल.

आता आयझॅक हॉकिन्स हॉल. साधं होस्टेल, पूर्वी नाव फादर मलडींचं. 1838 मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्याकडची 272 गुलाम माणसं लुइझियानाच्या मळेवाल्यांना 1,15,000 डॉलरला विकायचा करार केला, करार करणारे हेच मलडी, आणि त्यातला काही पैसा कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. तो करार युनिव्हर्सिटीने स्वतःच ऑनलाइन टाकलाय, घरबसल्या वाचता येतो, वाचाच. पहिलं नाव आयझॅक, वय 65, मग थोरला मुलगा चार्ल्स 40, मुलगी नेली 38, अशी कुटुंबंच्या कुटुंबं ओळीने, आणि लिहिणारे धर्मगुरू! आपल्याच दप्तरातला असला कागद सगळ्यांसमोर ठेवायला हिंमत लागते, आपल्याकडच्या किती संस्था ठेवतील सांगा.

पण हेही आपसूक नाही झालं. 2015 मध्ये पोरांनी प्रेसिडेंटच्या ऑफिसबाहेर ठिय्या दिला तेव्हा मलडींचं नाव उतरलं, 2017 ला आयझॅकचं लागलं. मग 2019 मध्ये पोरांनी मतदान घेतलं, की त्या माणसांच्या वंशजांसाठी आम्ही प्रत्येकी दर सेमिस्टरला 27.20 डॉलर जादा भरतो (272 वरूनच आकडा), आणि साधारण दोनतृतीयांश मतांनी पासही केलं. युनिव्हर्सिटीने ती फी लावलीच नाही, त्याऐवजी देणग्यांमधून वर्षाला 4 लाख डॉलरचा फंड जाहीर केला. काम होईल त्यातूनही, पण पोरं स्वतःच्या खिशातून द्यायला तयार असताना त्याचं दानधर्मात रूपांतर करणं मला पटलं नाही. स्टार तिथे गेला.

बाकी डीसीच्या जेलमध्ये कैद्यांसाठी यांचे क्लास चालतात, पोरांना चौकशी करायला सांगा. गाडी शक्यतो आणू नका. मेट्रो कॅम्पसपर्यंत येत नाही, रॉसलिनला उतरायचं आणि 'की ब्रिज' नावाच्या पुलावरून चालत यायचं, शेवटी चढ आहे, आईवडील सोबत असतील तर युनिव्हर्सिटीची बस बघा.