समाधानावरचा बायबल प्लॅन मस्त, पण ॲपलाच समाधान नाही

मजकुराला पाच स्टार, ॲपला एक, म्हणून मधले तीन देतेय.

साधेपणा आणि समाधान यावरचा वाचनाचा प्लॅन आहे, रोज एक उतारा, थोडं मनन, शेवटी प्रार्थना. उतारे ज्याने निवडलेत त्याला मानलं. सुटी सुटी गोड वचनं देऊन भागवलेलं नाही, फिलिप्पैकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै इथल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र, अख्खं वाचायला लावलंय, चारच अध्याय, 104 वचनं, एका बैठकीत होतं. आणि सलग वाचलं की कळतं, लोक परीक्षेच्या नाहीतर मॅचच्या आधी जे 4:13 (मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो) स्टेटसला ठेवतात त्याच्या बरोबर आधी पौल सांगतोय की भरल्या पोटीही राहता येतं मला आणि उपाशीही, दोन्ही शिकलोय. स्वतः कैदेत, त्या मंडळीकडून एपफ्रदीत मदत घेऊन आलाय, आणि पौल आभार मानता मानता म्हणतो की नड आहे म्हणून बोलत नाहीये हं! जिंकण्याबिंकण्याचा तिथे विषयच नाही.

मान्नाचा दिवस तर भारीच, मान्ना म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न. निर्गम 16. रोजच्यापुरतंच गोळा करायचं, सकाळपर्यंत ठेवलं की किडे आणि घाण वास, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घेतलेलं टिकायचं. खाली एकच प्रश्न होता, उद्याच्या भीतीने आज काय साठवताय. मी लिहिलं: ऑनलाइन कार्टमधल्या वस्तू, आणि कधीच न बघितलेले सेव्ह केलेले व्हिडिओ. (खरं उत्तर अजून लांब होतं.)

आता ॲप. प्रार्थनेला डोळे मिटावेत तर स्क्रीनवर रंगीत कागद उडतात, स्ट्रीक (न चुकता सलग किती दिवस वाचलं त्याची मोजणी) वाढली म्हणे. तापात पडले होते तर रात्री नोटिफिकेशन, तुमची स्ट्रीक जाणार! ओळखीच्यांनी किती वाचलं तेही दिसतं, मग आपोआप मोजणी सुरू होते आणि लूक 18 मधला तो परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) आठवतो, देवळात उभा राहून मी आठवड्यातून दोनदा उपास करतो असं देवालाच ऐकवणारा. नोटिफिकेशन बंद होतात, स्ट्रीक काही केल्या बंद होत नाही, सेटिंग सगळं पालथं घातलं.

प्लॅनमध्येही एक गोष्ट खटकलीच. 1 तीमथ्य 6 वरून अन्नवस्त्र असलं की पुरे हे छान समजावलंय, पण ज्याच्याकडे तेवढंही नाही त्याचं काय यावर एक ओळ नाही. याकोब 2 जोडायला हवा होता, उघड्या-उपाशी माणसाला नुसतं सुखी राहा म्हणून वाटेला लावणाऱ्यांना तो चांगलंच सुनावतो. नाहीतर समाधान ही दुसऱ्याला सांगायचीच गोष्ट होऊन बसते.

घ्यायचा असेल तर रोजच्या उताऱ्यांची यादी उतरवून घ्या आणि छापील बायबलमधून वाचा, मी आता तेच करतेय. ऑडिओच्या नादी लागू नका, वाचणाऱ्याला कुठेतरी पोचायची घाई आहे.