स्कॉलर, शोधगंगा की वन नेशन: आधी काय उघडावे?

पीएचडीची सिनॉप्सिस तोंडावर आली की विद्यार्थी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचे सगळे दुवे एकामागून एक उघडत बसतात. खरे तर बहुतेकांचे काम तीन ठिकाणी भागते. फक्त कुठे काय मागायचे, हे आधी ठरलेले हवे.

गूगल स्कॉलर २००४ पासून आहे आणि फुकट आहे. विषयावर कोणी काय लिहिले याचा माग ते काढून देते. लेख वाचायला मिळेलच असे नाही. त्याची खरी ताकद प्रत्येक नोंदीखालच्या ‘सायटेड बाय’मध्ये. एक चांगला जुना लेख सापडला की पुढे त्याचा आधार कोणी घेतला, कोणी तो खोडून काढला, हे तिथून कळते. पण स्कॉलरला चाळणी नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही नामवंतांच्याच रांगेत दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून तर पारख तुमची आणि गाइडची.

प्रत्यक्ष लेख हवा असेल तर वन नेशन वन सब्स्क्रिप्शन. १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, सेज वगैरे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची तरतूद आहे. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकीवाल्यांनी दुसरीकडे वेळ घालवू नये. अडचण एकच, पण मोठी: पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे. आपले महाविद्यालय त्यात बसते का आणि घरून लॉगिन मिळते का, हे ग्रंथपालांना पहिल्याच दिवशी विचारा.

मराठी साहित्य, लोककला, स्थानिक इतिहास असा विषय असेल तर मात्र या हजारो नियतकालिकांत फारसे काही हाती लागत नाही. तिथे शोधगंगा. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या या भांडारात देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध पूर्ण वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. शीर्षके कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत नोंदलेली असतात, म्हणून शोध दोन्ही लिपींत घ्यावा. जुने प्रबंध नुसते स्कॅन केलेले. त्यांच्या आत शब्द शोधता येत नाही. प्रबंधांचा दर्जाही एकसारखा नाही, काही तर नुसती भरती. तरी प्रकरणांच्या पीडीएफ वेगवेगळ्या असल्याने मी आधी संदर्भसूचीच उघडतो. सामान्य प्रबंधाच्या सूचीतही एखादा दुर्मीळ दिवाळी अंक किंवा गौरवग्रंथ सापडतो, आणि तो स्कॉलरवर मिळत नाही.

म्हणजे विज्ञानवाल्यांनी स्कॉलर आणि वन नेशन, मराठीवाल्यांनी शोधगंगा आधी. समाजशास्त्र, अर्थशास्त्राच्या लोकांना तिन्ही लागतील, शिवाय जेस्टोर हे नियतकालिकांच्या जुन्या अंकांचे ऑनलाइन भांडार; ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक तिथे आहेत.

खासगी महाविद्यालयातल्यांनी जेस्टोरवर स्वतःचे मोफत खाते काढावे. ठरावीक संख्येने लेख ऑनलाइन वाचता येतात. बाकी लेखांसाठी स्कॉलरमधले ‘ऑल व्हर्जन्स’ दाबून पाहावे, अनेकदा लेखकानेच ठेवलेली प्रत निघते. नाहीच निघाली तर लेखकाला सरळ ईमेल करावा. पुष्कळ जण प्रत पाठवतात.