जोडशब्द, प्रश्न, ध्रुवपद की गोष्ट? भाषण सांधायचं कशानं

काही वर्षांपूर्वी बेळगावजवळच्या एका गावात, साहित्य संमेलनात, मी वीस मिनिटांचं भाषण केलं. पाच पानं लिहून नेली होती. मंडपात वारा शिरला, पानं उडाली, एका पोरानं गोळा करून हातात दिली आणि मी ती तशीच वाचत गेलो. दुसऱ्यानंतर चौथं, मग तिसरं. खाली उतरून पानं पिशवीत घालताना ते लक्षात आलं. लक्षात आलं ते फक्त माझ्या. बाकी मंडळी ‘छान झालं की सर’ म्हणत चहा देत होती. तो चहा काही गोड लागला नाही.

घरी येऊन पानं पुन्हा बघितली. प्रत्येक पान ‘त्याचप्रमाणे’, ‘तसेच’ नाहीतर ‘शिवाय’नं सुरू होत होतं. म्हणजे डिंक होता भरपूर, पण कशालाही काहीही चिकटवणारा. पाच पानांचं एक भाषण नव्हतंच ते, पाच सुटे निबंध होते.

हे आत्ता आठवायचं कारण, आमच्या गल्लीतला दहावीतला पोरगा. वक्तृत्व स्पर्धेला पंधरा दिवस उरलेत. परवा वही घेऊन आला नि म्हणाला, ‘सर, सगळं पाठ केलोय, खरं मधी मधी तुटायलंय.’ विषय पाण्याचा. वहीत पेन्सिलीनं खुणा करत गेलो, तर पाच मिनिटांच्या भाषणात अकरा वेळा ‘त्याचप्रमाणे’. माझाच चेला म्हणायचा.

भाषण सांधायच्या वाटा मला तरी चार-पाच दिसतात. सगळ्या एकाच भाषणात कोंबल्या तर गाडगं फुटतं. कुठली कुणाला सोयीची, हे पोकळ बोलण्यापेक्षा एकाच मजकुरावर करून बघू. पोराच्या वहीतली ही चार वाक्यं, अजून न सांधलेली:

मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. पावसाळ्यात काठची शेतं पाण्याखाली जातात. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला तिच्यावर धरण आहे. उन्हाळ्यात नदीपासून थोड्याच अंतरावरच्या वाडीत बाया घागरी घेऊन बोअरपुढं रांग लावतात.

जोडशब्द: स्वस्त आणि महाग

व्याकरणाच्या पुस्तकात उभयान्वयी अव्ययांचे आठ प्रकार असतात: समुच्चय, विकल्प, न्यूनत्व, परिणाम, स्वरूप, कारण, उद्देश आणि संकेत. परीक्षेला ठीक. माईकपुढं उभं राहणाऱ्याला दोनच प्रकार पुरतात, भर घालणारे आणि वळण देणारे. ‘आणि, तसेच, शिवाय, त्याचप्रमाणे’ भर घालतात. ते स्वस्त, कारण ते वापरताना विचार करावा लागत नाही. ‘पण, म्हणून, कारण, तरी, उलट’ हे वळण देतात. त्यांची किंमत मोजावी लागते, कारण दोन वाक्यांत नातं नसेल तर ते बसतच नाहीत.

करून बघा. वहीतलं प्रत्येक ‘तसेच’ खोडायचं आणि तिथं ‘पण’, ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ घालायचं. एकही बसला नाही तर दोष शब्दाचा नाही. त्या दोन वाक्यांतलं एक भाषणात उपरं आहे.

वरची चार वाक्यं अशी होतात: ‘मलप्रभा आपल्या कणकुंबीतून निघते. पावसाळ्यात ती काठची शेतं गिळते, म्हणून आपण तिला पाण्यानं श्रीमंत समजतो. तिला अडवायला नविलुतीर्थाला धरणही बांधलं. तरी उन्हाळ्यात वाडीतल्या बाया बोअरपुढं रांगेत.’ दोनच शब्द, ‘म्हणून’ आणि ‘तरी’. तेवढ्यानं माहितीची तक्रार झाली.

सगळ्यात फसवा जोडशब्द ‘त्यानंतर’. बेळगावच्या इतिहासावरचं भाषण हमखास असं जातं: एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी इथं होमरूल लीग स्थापली, त्यानंतर डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यानंतर १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण ‘त्यानंतर’ एवढंच सांगतं की कॅलेंडरचं पान उलटलं. त्याऐवजी असं म्हणून बघा: ‘ज्या गावात टिळकांनी स्वराज्य मागितलं, त्याच गावात आठ वर्षांनी गांधीजी आले. आणि स्वराज्य दारात येऊन ठेपलं तेव्हा, १९४६ ला, इथला प्रश्नच बदलला. राज्य आपलं होणार, पण आपण कुठल्या राज्यात असणार?’ सनावळी तीच, पण आता एक घटना दुसरीला पुढं ढकलते.

आता आपल्याकडच्या, म्हणजे बेळगावकडच्या, दोन खास अडचणी. कोल्हापूरपलीकडचं कुणी त्या सांगणार नाही.

पहिली ‘खरं’ची. आपल्याकडं ‘पण’चं काम ‘खरं’ करतं. ‘येणार होतो खरं पाऊस लागला.’ येळ्ळूर-कडोलीसारख्या बेळगावजवळच्या गावांच्या मंडपात ते बिनदिक्कत चालतं, उलट त्यानं माणूस आपला वाटतो. पण परीक्षक पुण्याकडचे असतील तर त्यांच्या कानाला ‘खरं’ म्हणजे सत्य. ‘धरण बांधलं खरं पाणी मिळालं नाही’ हे वाक्य ते ‘धरण तर खरंच बांधलं’ असं ऐकतात, आणि वळण त्यांच्या हातून निसटतं. बाहेरच्या स्पर्धेला ‘पण’ वापरावं. यात लाज कसली नाही, गिऱ्हाईक बघून वजन-माप बदलायचं, एवढंच.

दुसरी अडचण ‘म्हणून’ची आणि ती जास्त नडते. कन्नडमध्ये कुणाचं बोलणं सांगताना शेवटी ‘अंत’ येतं. त्याच धर्तीवर आपण ‘उद्या सुट्टी म्हणून सांगितले’ असं बोलतो. प्रमाण मराठीत तिथं ‘उद्या सुट्टी आहे असं सांगितलं’ येईल. शिवाय ‘म्हणून’ हेतूही सांगतं आणि परिणामही. एकाच शब्दाला तीन नोकऱ्या. पोराच्या वहीत वाक्य होतं: ‘पाणी देणार म्हणून सांगितले म्हणून लोकांनी जमीन दिली म्हणून आज त्यांची अवस्था बिकट आहे.’ कागदावर निदान डोळा मागं जाऊ शकतो, कान जाऊ शकत नाही. कामं वाटून द्यायची. बोलण्याला ‘असं’, हेतूला ‘यासाठी’, परिणामाला ‘त्यामुळं’. ‘पाणी देऊ असं सांगितलं. त्यामुळं लोकांनी जमीन दिली. आज त्यांची अवस्था बघा.’ तिसरं ‘म्हणून’ तर गळूनच पडलं, त्याची गरज नव्हती.

‘तथापि’, ‘तद्वतच’, ‘सबब’ हे कागदावरचे. तोंडात आले की भाषण कोर्टात गेल्यासारखं वाटतं. आणि ‘किंबहुना’चा अर्थ ‘किंवा’ नव्हे. ‘एवढंच काय, त्याहूनही पुढं’ असं म्हणायचं असेल तरच तो वापरावा. व्यासपीठावर रोज पाच जण त्याचा बळी देतात.

प्रश्नाचा पूल

‘पावसाळ्यात शेत बुडवणारं पाणी उन्हाळ्यात घागर भरत नाही. मग ते जातं कुठं?’ एका प्रश्नानं दोन मुद्दे सांधले जातात, आणि पुढचं उत्तर ऐकायला माणूस सरसावून बसतो. जोडशब्द ओळ सांधतात, प्रश्न परिच्छेद सांधतो. हा त्याचा फायदा.

धोका असा की आपली माणसं गप्प बसणारी नव्हेत. एका गणेशोत्सव मंडळात वक्त्यानं ‘मग हे पाणी जातं कुठं?’ म्हणून विचारलं, तर मागच्या रांगेतून आवाज आला, ‘गटारीत!’ मंडप हसून लोळला आणि वक्त्याचं धरण तिथंच फुटलं. ‘मित्रहो, आपण कधी विचार केला आहे का’ हा प्रश्न तर कायमचा रजेवर पाठवावा. श्रोत्यांच्या मनात आपोआप उठलेला प्रश्न तेवढा विचारायचा आणि एका भाषणात एकदाच. दुसऱ्या वेळी तो युक्ती म्हणून दिसतो.

ध्रुवपद

ध्रुवपद म्हणजे फिरून फिरून येणारी ओळ. माझा कल इकडं आहे, हे आधीच सांगून टाकतो. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगाला एक अभंग घेतात. दृष्टांत देतात, शास्त्र सांगतात, कुठच्या कुठं जातात आणि फिरून त्याच चरणावर येतात. उत्तररंगातलं आख्यान संपतं तेव्हाही मूळ अभंगाशी गाठ पडते. ऐकणारी आजी निम्मा वेळ पेंगत असली तरी तिचा धागा सुटत नाही.

आपल्या मजकुराला ध्रुवपद देऊ, ‘पाणी दारावरून जातं’.

‘कणकुंबीच्या डोंगरात पाऊस पडतो, आणि पाणी दारावरून जातं. ओढे फुगतात, शेतं बुडतात, पाणी दारावरून जातं. नविलुतीर्थाला धरण बांधलं, तिकडं साठायला म्हणून पाणी आपल्याच दारावरून जातं. आणि वैशाखात वाडीतली बाई बोअरपुढं उभी असते. तिच्या दारावरून आता टँकर जातो.’

चौथ्या वेळी ‘पाणी’ गेलं आणि ‘टँकर’ आला, सगळी करामत तिथं आहे. दर खेपेला तेच वाक्य तसंच आलं तर ती घोषणा होते. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही सीमाभागात पिढ्यांनी ऐकलेली घोषणा. ती न बदलता म्हणायची असते, तिचं बळच त्यात. ध्रुवपदाचं उलटं. शब्द बहुतेक तेच राहावेत, अर्थ मात्र प्रत्येक फेरीत थोडा सरकावा.

याचा एक व्यवहारी फायदा कुणी सांगत नाही. मंडपात लाईट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत पोरं कालवा करतात, कुणी पाहुणा उशिरा येतो नि त्याला हार घालायला थांबावं लागतं. जोडशब्दांनी बांधलेलं भाषण अशा वेळी तुटतं. मोडलेल्या वाक्यानंतर ‘त्यामुळं’ म्हणून उभं राहिलात तर लोक विचारणार, कशामुळं? ध्रुवपद म्हणलं की गाडी रुळावर. तोटा एकच. तीन मिनिटांच्या भाषणात चार वेळा आलं तर मुद्द्याला जागाच उरत नाही.

साखळी आणि गोष्ट

मागच्या वाक्याचा शेवटचा शब्द पुढच्याच्या तोंडी द्यायचा, दामयमकासारखा: ‘डोंगरात पाऊस, पावसानं पूर, पुरानं चिखल, चिखलात पीक.’ अर्धं मिनिट झकास. पुढं अंत्याक्षरी होते. एखाद्या जागी शोभेला घ्या, त्यावर भाषण उभारू नका.

गोष्टीला सांधे लागतच नाहीत. ‘मग’ म्हटलं की झालं. एका घागरीची सकाळ सांगा: पाचला उठली, मग बोअरला गेली, मग नंबर अकरावा, मग करंट गेला. धरण, नदी, पूर सगळं तिच्या वाटेवर भेटतं. ऐकणाऱ्याला हे सगळ्यात सोपं आणि करणाऱ्याला सगळ्यात अवघड, कारण वेळ आवरत नाही. पाच मिनिटांतली साडेतीन घागरच खाते, आणि घंटा वाजली की निष्कर्ष अर्ध्या श्वासात.

मग कुणी काय घ्यावं

शाळा-कॉलेजच्या स्पर्धेला जाणाऱ्यानं वळणाचे जोडशब्द आधी नीट करावेत आणि वर एक प्रश्न ठेवावा. ध्रुवपदाचा मोह होतो, पण पाच मिनिटांत तीनदाच, आणि तिसऱ्या वेळी बदलून. पाठांतर कच्चं असेल तर मात्र ध्रुवपदच तारतं. विसरलात तरी परतायला जागा असते, आणि परीक्षकाला तो थांबा मुद्दाम घेतल्यासारखा वाटतो.

गावच्या संमेलनात वीस-पंचवीस मिनिटं मिळणार असतील तर ध्रुवपद आणि एक गोष्ट. जोडशब्दांची काळजी करू नका, बोलताना ते आपसूक येतात. तुमचं ‘खरं’सुद्धा येऊ द्या.

आभाराला काहीही सांधू नका. नावं घ्या आणि बसा. शोकसभेतही युक्ती नको, तिथं थांबणं हाच सांधा.

एक प्रसंग फक्त आपल्याकडंच येतो. व्यासपीठावर कन्नड पाहुणे बसलेले असतात. नमस्कारापुरतं ‘एल्लरिगू नमस्कार’ म्हणून आपण मोकळे होतो आणि पुढं अर्धा तास ते बिचारे चेहरा हसरा ठेवून बसतात. मी अलीकडं भाषणाच्या मोठ्या वळणावर एकच कन्नड शब्द टाकतो. ‘आदरे’, म्हणजे पण. नाहीतर ‘आद्दरिंद’, म्हणजे त्यामुळं. क्षणभर थांबतो आणि मग मराठीत पुढं. पाहुण्यांची मान वर येते. मुद्दा नाही कळला तरी वळण कळतं, आणि खालची मंडळीही हसून सावध होतात. यासाठी कन्नड चांगली यायला हवी असं नाही, पण उच्चार आधी एखाद्या मित्राकडून तपासून घ्यावा. चुकला तर हशा वेगळ्या कारणानं होतो.

पोराला मी त्याचं भाषण परिच्छेदागणिक सहा चिठ्ठ्यांवर उतरवायला लावलं, पिसलं आणि त्याच्या आजीपुढं टाकलं. तिनं चष्मा लावून पहिल्या खेपेला दोनच चिठ्ठ्या जागेवर लावल्या. अकराच्या अकरा ‘त्याचप्रमाणे’ काढून, घागर मध्ये आणून, काल पुन्हा सहा चिठ्ठ्या केल्या. आजीनं पाच बरोबर लावल्या. सहावीवर अडली आणि पोराकडं बघून म्हणाली, ‘ह्यात काय सांगायलास रे तू?’ त्यानं तोंडानं सांगितलं, ‘धरण हाय गं, खरं आमच्या वाडीला पाणी नाही.’ चिठ्ठीवर मात्र धरणाच्या लांबी-रुंदीचे आकडे होते. ते खोडून त्यानं आत्ता बोललेलं वाक्य तसंच लिहिलं, ‘खरं’सकट. स्पर्धा आमच्याच तालुक्यात आहे. राहू दिलं.